सोडलेला जिताडा उलटा झाला, आता तो कोणाचा?

प्रश्न : काका नमस्कार, मी नेरुळला राहतो, आयटीत आहे, गेली तीन वर्षं रविवारी बेलापूरच्या खाडीवर गळ टाकायला जातो. मी पकडतो आणि सोडतो, घरी काही आणत नाही हे सगळ्यांना माहितीये. एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी दीडच्या सुमारास जिवंत कोलंबीवर जिताडा लागला, पाच किलोच्या आसपास असेल, माझा आजवरचा सगळ्यात मोठा. पंधरा-वीस मिनिटं खेळवला, हात ओले करून धरला, गळ घशात खोल गेला होता तो पक्कड घालून हळूहळू काढला, मित्राने दोन-चार फोटो काढले, मग पाण्यात धरून पुढे-मागे केला आणि शेपटी मारून गेला. मी लगेच ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं 'सोडला'. दहा मिनिटांनी बघतो तर तीसेक फुटांवर पांढरं पोट वर करून तरंगतोय, कल्ले अजून हलत होते. एक कोळी मामा होडीतून परत येत होते, त्यांनी उचलला आणि माझ्यासमोर धरला, "यो तुमचाच म्हावरा ना?" मी नाही म्हटलं. वाटलं आता घेतला तर तीन वर्षांचं सगळं ढोंगच ठरेल. ते घेऊन गेले. घरी सांगितलं तर सासरे पेणचे आहेत, ते घास हातात धरून थांबलेच, म्हणाले जिताडा नको म्हणणारा जावई पहिल्यांदा बघतोय. बायको म्हणाली, खायचा पण नाही आणि जगवता पण येत नाही, मग जाता कशाला? मी घ्यायला हवा होता का? आणि सगळी काळजी घेऊनही तो मेलाच कसा? ग्रुपवर अजून काही बोललो नाहीये.

उत्तर : आधी सासऱ्यांची बाजू घेतो, कारण पेण-अलिबागकडे जिताडा म्हणजे नुसता मासा नाही, साहेबाकडे काम असेल तर जिताडा, व्याह्यांकडे जायचं असेल तर जिताडा, तेव्हा त्यांचा घास अडकला ते साहजिकच आहे, त्यांना माफ करा.

आता मेला कसा ते. तुम्ही 'सगळी काळजी' म्हणताय, पण पत्र दोनदा वाचलं आणि मला त्यात चार गोष्टी दिसल्या, रागावू नका, या चारही मी स्वतः केलेल्या आहेत. पहिली म्हणजे एप्रिलची दुपार. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, गोड्या पाण्यात 20 अंशांना लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या आसपास आणि 30 अंशांना साडेसातच, खाऱ्या पाण्यात त्याहून कमी, आणि आपल्या खाडीत ओहोटीला नाल्यांचं पाणी येऊन मिसळतं तेव्हा काय उरत असेल ते वासावरूनच कळतं. अशा पाण्यात वीस मिनिटं खेळवलेला मासा म्हणजे मे महिन्यात भर उन्हात पारसिकचा डोंगर पळत चढायला लावलेला माणूस. स्नायूंमध्ये लॅक्टिक अ‍ॅसिड साठतं, रक्त आंबट होतं, आणि ते निवळायला तासन् तास लागतात. म्हणून शेपटी मारून गेला याला काही अर्थ नसतो, अंगात असलेला शेवटचा जोर तो तिथेच वापरतो आणि नजरेआड जाऊन बसतो. तुम्हाला तुमचा निदान दिसला तरी. बाकीच्या रविवारचे कुठे गेले ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही.

दुसरी फोटोची. दोन-चार फोटो म्हणजे एक मिनिट तरी गेलंच, त्यात पक्कड घालून गळ काढेपर्यंतचा वेळ धरा. कल्ल्यांच्या बारीक पाकळ्या पाण्यात पसरलेल्या असतात, हवेत आल्या की एकमेकींना चिकटतात, म्हणजे ज्या क्षणी त्याला सगळ्यात जास्त दम लागलाय त्याच क्षणी आपण त्याचं नाक दाबून 'इकडे बघ' म्हणतो. कॅनडात 1992 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, रेनबो ट्राउट दमवले, काहींना लगेच पाण्यात ठेवलं, काहींना 30 सेकंद हवेत धरलं, काहींना 60 सेकंद. बारा तासांनी मोजले तर हवेत न धरलेल्यांपैकी 88 टक्के जिवंत, 30 सेकंदवाल्यांपैकी 62, आणि मिनिटभर धरलेल्यांपैकी फक्त 28. आता ट्राउट हा थंड पाण्यातला नाजूक जीव, जिताडा त्यापेक्षा कितीतरी चिवट, तेव्हा आकडे जसेच्या तसे लावू नका, पण पुढच्या वेळी मित्राला म्हणा फोटो पाण्यातच काढ, मासा अर्धा बुडालेला असला तरी मोठाच दिसतो.

तिसरी आणि माझ्या मते याच चुकीने जीव घेतला, ती म्हणजे घशातला गळ. हळूहळू काढला असं तुम्ही लिहिलंय, ते हळूहळू म्हणजेच आत फाडत फाडत, कारण गळाला उलटा काटा असतो आणि तिथून कल्ले आणि काळीज बोटभर अंतरावर. खोल गेलेला गळ काढायचाच नाही, दोरा तोंडाशी कापायचा आणि सोडून द्यायचा, गळ आत ठेवून सोडलेले मासे ओढून काढलेल्यांपेक्षा जास्त जगतात हे पुष्कळ ठिकाणी तपासून झालंय. पन्नास रुपयांच्या गळासाठी जीव अडकतो आपला, मलाही माहितीये. जिवंत कोलंबी लावली की मासा गिळतोच, म्हणून सोडायचंच असेल तर गोल वळलेला सर्कल हुक लावा, तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, आणि उलटा काटा पकडीने दाबून टाका. चौथी गोष्ट बारीक आहे, पुढे-मागे करू नका. मागे ओढताना पाणी कल्ल्यांतून उलटं जातं, त्याला काही फायदा नाही, प्रवाहाकडे तोंड करून नुसता सरळ धरा आणि तो स्वतःहून सुटेपर्यंत थांबा. (आणि ते लिप ग्रिप, म्हणजे माशाचा जबडा धरायचा चिमटा, लावून तोंडाला लटकवून वजन करणं, तुम्ही लिहिलं नाहीये पण केलं असेल तर बंद करा, पाच किलोचं धूड जबड्यावर लोंबकळलं की आतली कातडी फाटते.)

हे सगळं केलं असतं तर जगला असता का? कदाचित. सोडलेल्या माशांवर जगभर झालेल्या पन्नासवर अभ्यासांचा 2005 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात मरणाऱ्यांचं प्रमाण सरासरी 18 टक्के निघालं, कुठे जवळपास शून्य तर कुठे फारच जास्त. म्हणजे सहा सोडले तर एक गेला असं धरूनच चालायचं. तुम्ही तीन वर्षांत किती सोडले ते तुम्हालाच माहीत, पण 'मी मारत नाही' असं जे तुम्ही लोकांना सांगत होतात ते त्या रविवारच्या आधीपासूनच खरं नव्हतं, फक्त त्या दिवशी ते पोट वर करून समोर आलं.

आता घ्यायला हवा होता का. माझं उत्तर हो, आणि त्याच्याही आधी एक काम होतं. तुम्ही लिहिलंय कल्ले अजून हलत होते. म्हणजे तो मेला नव्हता, मरत होता, आणि असा मासा तासभर तसाच राहतो, वरून घार चोच मारते, खालून चिंबोऱ्या शेपटी कुरतडतात. तुम्ही काठावर उभे राहून ढोंगाचा विचार करत होतात. त्याला परत आणून सरळ धरायचा, पाच-दहा मिनिटं द्यायची, आणि तरी कुशीवरच पडत असेल तर डोळ्यांच्या जरा मागे डोक्यावर लाकडाचा एक जोरात फटका आणि लगेच कल्ले कापायचे. वाचताना कसंतरी होतं ना? मला पहिल्यांदा करताना पण झालं होतं, कोलशेतला, एक किलोभराची तांब मासळी होती, मी दोन मिनिटं दांडा हातात घेऊन बसलो आणि शेजारचे आजोबा म्हणाले तू विचार कर, तोवर तो मरतोय. ज्याला हे जमणार नाही त्याने सोडण्यासाठी सुद्धा गळ टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मामांनी होडीत घेतल्यावर त्याच्या डोक्यात वल्हं घातलं असेल तर त्या दिवशी त्या माशाशी सगळ्यात नीट तेच वागले.

आणि ढोंग म्हणाल तर खाण्यात ढोंग नाहीये. मेलेला मासा तुम्ही खाल्ला काय, मामांनी विकला काय, चिंबोऱ्यांनी संपवला काय, त्याला फरक पडत नाही, आणि खाडीत काहीच वाया जात नाही, ते खरंय. फरक तुम्हाला पडतो, पुढच्या रविवारी. मी एक सोपी परीक्षा लावतो. हाच प्रकार शिंगाळ्याच्या, म्हणजे जिताड्याइतका मान नसलेल्या माशाच्या, बाबतीत झाला असता तर घरी नेला असता का? शिंगाळा फेकला आणि जिताडा नेला असं व्हायला लागलं की समजायचं, आता जिताडे जरा जास्तच 'चुकून' मरणार. म्हणून नियम घरून निघतानाच ठरवायचा, पाण्यावर गेल्यावर नाही. माझा असा आहे की जो मरेल तो त्या दिवसाचा मासा, चव असो नसो तो मी नेणार, आणि तो मेला की रॉड गुंडाळायचा, मग सकाळचे साडेसात का वाजलेले असेनात. एवढं केलं की हात आपोआप जपून चालायला लागतात. फक्त नाल्याच्या तोंडाशी पकडलेलं मी घरात आणत नाही आणि कुणाला देत पण नाही, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांनी खाडीत इतकी वर्षं काय काय सोडलंय ते माहीत असताना दुसऱ्याच्या पोरांना कसं खायला घालणार, म्हणून तिथे मी गळच टाकत नाही. तसंच ऐरोली ते वाशी पुलांमधला खाडीचा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्यात आहे, तिकडे सोडण्यासाठी म्हणूनसुद्धा जाऊ नका.

मामांना तुम्ही नाही म्हणालात त्याचं वाईट वाटून घेऊ नका, मासा योग्य हातात गेला. पण त्यांनी आधी विचारलं, लक्षात घ्या. ज्यांचं पोट या खाडीवर आहे त्यांनी हजारो रुपयांचा मासा हातात धरून एका हौशी माणसाला तुमचाच ना असं विचारलं. पुढच्या वेळी दिसले तर चहा पाजा, आणि कुठल्या भरतीला कुठे बसू नये ते विचारून घ्या, त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.

ग्रुपवर सांगा. त्याच फोटोखाली एक ओळ, दहा मिनिटांनी उलटा झाला, घशातला गळ ओढला म्हणून. दोन जण हसतील, एक जण ज्ञान देईल, पण आणखी चार जण पुढच्या वेळी दोरा कापतील. 'सोडला' एवढंच तिथे राहिलं तर ती थाप झाली, टाकताना नव्हती, आता झालीये.

राहिला बायकोचा प्रश्न, आणि तो तुमच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर सोडायच्याच इराद्याने मासा पकडायला कायद्याने मनाई आहे, तिथलं म्हणणं असं की खाण्यासाठी पकडा, निव्वळ मजेसाठी जिवाला त्रास नको. वहिनी तेच म्हणतायत, फक्त नेरुळमध्ये बसून. मी पूर्वी सगळं सोडायचो, आता खाण्यापुरते दोन पकडतो आणि बंद करतो. मोठा जिताडा मात्र अजूनही सोडतो, त्याला कारण आहे, जिताडा आधी नर असतो आणि साधारण सहा-सात वर्षांचा झाला की मादी होतो, मीटरभर लांबीचा जिताडा लागला तर ती हमखास मादी, लाखो अंडी घालणारी. ती सोडण्यात मला अर्थ दिसतो. किलो-दीड किलोचे दहा पकडून दहा सोडण्यात आता दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल तर वहिनींना समजावून बघा, मला माझ्या घरी जमलं नाही.

प्रश्न : आमची आई (वय 71, कळवा) दर महिन्याला बाजारातून जिवंत मांगूर विकत घेऊन जवळच्या तलावात सोडते, जीव वाचवल्याचं पुण्य लागतं म्हणते. चूक आहे का?

उत्तर : आईंचा हेतू लाखमोलाचा, पण थांबवा. टबात वळवळणारे ते काळे मोठे मांगूर बहुतेक विदेशी जातीचे असतात, ते पाळायला आणि विकायलाच आपल्याकडे बंदी आहे, कारण हा मासा हवेतून श्वास घेतो, घाणेरड्या पाण्यातही मजेत राहतो आणि तलावातले बाकीचे मासे, बेडूक, अंडी सगळं फस्त करतो. एक वाचवला आणि शंभर मारले असा हिशोब होतो. त्यांना सरळ असं सांगू नका, दुखावतील. तेवढेच पैसे उन्हाळ्यात पक्ष्यांच्या दाण्यापाण्यावर खर्च करायला सुचवा, गॅलरीत बसून बघतापण येतं.

प्रश्न : लेकीचा (सहावी, कोपरखैरणे) गोल्डफिश मेला. ती म्हणते खाडीत सोडूया, नवरा म्हणतो फ्लश कर. काय करू?

उत्तर : दोन्ही नको, टाकीतला रोग बाहेरच्या पाण्यात कशाला पाठवायचा. कुंडीत पुरा, लेकीलाच खड्डा करू द्या. तुळशीच्या नको, घरातलं मोठं माणूस ओरडेल, जास्वंदीची असेल तर उत्तम. वीतभर तरी खोल, नाहीतर रात्री मांजर उकरून ठेवते आणि सकाळी पुन्हा सगळं पहिल्यापासून.