चित्रं बघून पोथी वाचता येते का?

प्रश्न: चीनमधल्या नाशी लोकांची चित्रलिपी फोटोत बघितली, अगदी लहान मुलांनी काढल्यासारखी चित्रं. चित्रांचे अर्थ पाठ केले की कुणालाही वाचता येईल ना?

उत्तर: नाही हो, गंमत तिथेच आहे! युन्नान प्रांतातल्या लिजियांग भागात ही लिपी मुख्यतः दोंगबा म्हणजे त्यांचे पुजारी वापरतात, आणि पोथीत प्रत्येक शब्द लिहिलेलाच नसतो, मोजकीच चित्रं असतात, मधलं सगळं पुजाऱ्याला तोंडपाठ असावं लागतं. म्हणजे एका चौकटीत चार चित्रं दिसतात आणि तो म्हणतो लांबलचक ओळी. शिवाय कधी कधी चित्र एका वस्तूचं पण घ्यायचा फक्त तिच्या नावाचा उच्चार, अर्थ मात्र वेगळाच, त्यामुळे नुसता अंदाज बांधणारा हमखास फसतो.

पोथ्या झाडाच्या सालीच्या जाड कागदावर, आडव्या. अंत्यविधीत तर लांबच लांब चित्रपट्टी उलगडतात, खाली नरक वर स्वर्ग, आणि पुजारी मृताच्या आत्म्याला त्यावरून वाट दाखवत नेतो. मला तरी हे पोथीपेक्षा भारी वाटतं. २००३ साली या पोथ्या युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत गेल्या. लिजियांगच्या दुकानांच्या पाट्यांवरही ही चित्रं दिसतात, पण तो टुरिस्टांसाठीचा मामला.