वाचक विचारतात : लवंगेच्या सफरींचे जुने कागद

प्रश्न : मॅगेलनच्या १५१९च्या सफरीचे मूळ कागद स्पेनच्या सरकारी अभिलेखागारांच्या 'पारेस' या संकेतस्थळावर शोधले. 'मोलुकास' हे इंडोनेशियातल्या लवंगेच्या बेटांचं स्पॅनिश नाव टाकून फारसं काही सापडलं नाही. काय चुकलं?

उत्तर : नाव आजचं आहे. सोळाव्या शतकातले कारकून 'मालुको' लिहीत, आणि मॅगेलन तिथे 'मागायानेस' असतो. ही नावं रोमन लिपीत टाकून पाहा. मसाल्याच्या व्यापारासाठी 'एस्पेसिएरिया' हा शब्द घ्या. पण नुसत्या शब्दशोधावर विसंबू नका. सेव्हिलच्या 'आर्काइवो जेनेराल दे इंडियास' या अभिलेखागारात (स्थापना १७८५) बहुतेक कागद विषयवार लावलेले नाहीत. ते ज्या कचेरीचे, तिच्या नावाखाली आहेत. 'पात्रोनातो' हा निवडून वेगळ्या काढलेल्या महत्त्वाच्या कागदांचा विभाग मात्र अपवाद. म्हणून या एकाच सफरीचे करार आणि अर्ज 'पात्रोनातो' विभागात, ३४ क्रमांकाच्या रुमालात (कागदांच्या गठ्ठ्यात), तर खर्चाचा हिशेब 'कोंतादुरिया' म्हणजे हिशेबखात्याच्या विभागात, ४२५ क्रमांकाच्या रुमालात. वर्गीकरणाची यादी उघडून रुमालातली एकेक नोंद वाचत जाणं हाच खरा रस्ता. सापडलेल्या कागदाचा विभाग, रुमाल आणि पोटक्रमांक तिथल्या तिथे टिपून ठेवा, नाहीतर तो पुन्हा हाती लागणं कठीण.

प्रश्न : अक्षर लागतं, पण हिशेबातले आकडे जुळत नाहीत.

उत्तर : लेखणी न उचलता ओढलेल्या त्या 'प्रोसेसाल' वळणाचं अक्षर तुम्हाला लागतंय, म्हणजे अवघड काम झालंच. (मोडी वाचणाऱ्यांना हा त्रास ओळखीचा वाटेल.) आकडे रोमन आहेत, पण कास्तिली पद्धतीचे. शेवटचा 'आय' लांब शेपटीचा, 'जे'सारखा. मध्येच रोमन 'यू'सारखी खूण येते ती अक्षर नव्हे. तिच्या डावीकडचा आकडा हजारांचा. त्याच्याही आधी 'क्वेंतो'चं संक्षिप्त रूप दिसलं तर ते दहा लाख. सफरीच्या तयारीचा निव्वळ खर्च ८३,३४,३३५ मारावेदी (तेव्हाचं स्पॅनिश नाणं) : आठ क्वेंतो, मग ३३४, मग ती खूण, मग ३३५. खूण सुटली की बेरीज कोसळते. ताळा करायचा तर राजाचे ६४,५४,२०९ आणि व्यापारी क्रिस्तोबाल दे आरोचे १८,८०,१२६ मिळवून पाहा. ३७५ मारावेदींचा एक दुकादो (सोन्याचं नाणं), म्हणजे साधारण २२,२२५ दुकादो.

प्रश्न : सफरीहून परतलेल्या 'व्हिक्टोरिया' जहाजावरच्या लवंगेचं वजन वेगवेगळं का दिसतं?

उत्तर : कारण काटा दोन ठिकाणी लागला. मालुकोतल्या तिदोरे बेटावर माल बहार या तिथल्या मापात मोजला. सफरीचा वृत्तांत लिहिणारा पिगाफेत्ता एक बहार म्हणजे ४ क्विंताल ६ लिब्रा धरतो. स्पेनमध्ये उतरवताना ३८१ पोती भरली, ५२४ क्विंताल २१॥ लिब्रा. वाटेत लवंग वाळून हलकी होते, त्यामुळे दोन्ही वजनं एक यायची नाहीतच. किलो करताना आजचा शंभर किलोचा क्विंटल धरलात तर माल दुपटीहून जास्त फुगेल. हा क्विंताल १०० लिब्रांचा, सुमारे ४६ किलोंचा. म्हणजे एकूण २४ टनांच्या आसपास.

प्रश्न : त्याच सफरीतल्या 'त्रिनिदाद' जहाजाचे कागद कुठे पाहावेत?

उत्तर : ते जहाज १५२२मध्ये मालुकोतच पोर्तुगिजांच्या हाती पडलं, वरची दप्तरंही त्यांनी घेतली. लिस्बनच्या 'तोर्रे दो तोंबो' या अभिलेखागारातली पोर्तुगीज पत्रं आधी चाळा.