पावसात भुताचा सीन परत शूट करायचाय

प्रश्न: आमची कॉलेजची हॉरर शॉर्टफिल्म आहे, मे महिन्यात ताम्हिणीजवळ शूट केली पण क्लायमॅक्सचा आवाज गेलाय, आता जुलैत रीशूट करतोय आणि पाऊस थांबतच नाहीये. काय करू?

उत्तर: अरे, पाऊस थांबायची वाट बघूच नकोस, जुलैत घाटात तो थांबत नाही. मुळात फक्त आवाज गेला असेल तर आधी डबिंग करून बघ, ॲक्टर तेच आहेत ना. तरीही शूट करायचंच असेल तर अख्खा क्लायमॅक्स पावसात घे, कारण मेमधलं वाळलेलं गवत आणि आत्ताचं हिरवंगार रान एका सीनमध्ये जुळणारच नाही. आधीच्या सीनमध्ये नुसता ढगांचा गडगडाट टाकलास तरी प्रेक्षक मानतात.

लाइट समोरून मारलास तर पाऊस दिसतच नाही, मागून मार, मग एकेक थेंब चमकतो आणि भूत नुसती काळी आकृती दिसतं, जे मला मेकअपपेक्षा जास्त भीतीदायक वाटतं. सेकंदाला २५ फ्रेमने शूट करत असशील तर शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश घ्यायचा वेळ, १/५० सेकंद ठेव. एसी गाडीतून कॅमेरा काढला की लेन्सवर वाफ धरते, म्हणून अर्धा तास आधीच बाहेर काढून ठेव. कॅमेरा-माइकवर धरलेल्या छत्रीवर जुना टॉवेल टाक, रेकॉर्डिंगमधली टपटप कमी होते.

आणि प्लीज, वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडलं तर सगळ्यांना पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत ने, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर नको, झाडाखाली तर अजिबात नको. लाइट बॅटरीवरचेच वापर, ओल्यात वायरी नकोत.