भाजीची गाडी आली नाही तर?

गेल्या अंकात लॉकडाऊनमधल्या भाजीपाल्यावर मी थोडं लिहिलं होतं आणि शेवटी विचारलं होतं, की पुन्हा तशी वेळ आली तर आपल्या कोल्हापूरची तयारी आहे का. त्यावर बरीच पत्रं आली. सगळी घेता येत नाहीत, चार घेते.

प्रश्न : 2020 च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या गल्लीतली चाळीस घरं मिळून करवीर तालुक्यातल्या एका शेतकरी दादांकडून थेट भाजी घ्यायची. पाच-सहा महिने झकास चाललं, मग मंडई उघडली आणि एकेक घर गळत गेलं. आता सात-आठच घरं राहिलीत आणि दादा म्हणतात एवढ्यासाठी गाडी काढणं परवडत नाही. पुन्हा उभं करायचं तर कसं करायचं?
— एक भगिनी, शिवाजी पेठ

उत्तर : ताई, आमच्या गल्लीतही हेच झालं, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी का मोडलं ते बघूया. आमच्याकडे लोक दोन कारणांनी सुटले. एक म्हणजे कांदा-बटाटा, आलं-लसूण आमच्या शेतकरी दादांकडे नसायचं, मग त्यासाठी लक्ष्मीपुरीच्या मंडईत जायचंच आणि तिथं गेल्यावर समोर ताजी मेथीची पेंडी दिसली की घेतली जायची, दादांकडून शनिवारी आलेला वाटा घरात पडून राहायचा. दुसरं कारण भाव. मंडईत टोमॅटो दहावर आला की ग्रुपवर लगेच मेसेज, आपण का वीस देतोय. आणि तोच टोमॅटो मंडईत साठ-सत्तरला गेला की सगळे गप्प. मला हे तेव्हाही लागलं होतं आणि आजही लागतं, कारण ज्या एप्रिलमध्ये आपल्याला दाराबाहेर पडता येत नव्हतं तेव्हा तो माणूस पास काढून, तोंडाला रुमाल बांधून, नाक्यावरच्या पोलिसांना समजावत भाजी घेऊन आला होता.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की स्वस्त मिळतं म्हणून जमलेला ग्रुप टिकत नाही, तसा करूच नका. चाळीस घरांचा हट्ट सोडा, वीस घरं पक्की करा. दर घरी आठवड्याला साधारण चार किलोचा वाटा धरला तर ऐंशी किलो होतात, एवढ्यासाठी छोटी गाडी यायला हरकत नसते. पैसे महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ द्या. आठवड्याला दोनशे म्हणजे महिन्याला आठशे, वीस घरांचे सोळा हजार. शेतकऱ्याच्या हातात पेरणीच्या आधी सोळा हजार पडणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे त्यांनाच विचारा, बियाणं-खत उधारीवर घ्यावं लागत नाही आणि आपल्यासाठी म्हणून तो चार सऱ्या वेगळ्या लावतो. भाव तीन महिन्यांसाठी दोघांनी बसून ठरवायचा आणि मग मंडईचा रेट कुणीच काढायचा नाही, ना आपण ना त्यांनी. आणि वाट्यात काय येईल ते शेत ठरवेल. कधी पोकळा, कधी चाकवत, वरण्याच्या शेंगा, पावसाळ्यात दोडका सलग तीन आठवडे आला तर तीन आठवडे दोडका. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी पहिल्याच मीटिंगला सांगितलेलं बरं.

कांदा-बटाट्याचं मात्र बघा, ते कुणाकडून तरी पोत्यानं घेऊन वाट्यात घातलं तरच लोकांची मंडई सुटते, नाहीतर नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आम्हाला 2021 च्या जुलैत कळलं. कोरोनाची दुसरी लाट कोल्हापुरात अजून हटत नव्हती आणि तेवढ्यात पूर आला. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट आहे, पाणी पंचावन्नच्या वर गेलं, 2019 लाही गेलं होतं. शिरोलीजवळ हायवे पाण्यात, केर्लीकडचा रत्नागिरी रोड पाण्यात. आमचे एकुलते एक शेतकरी दादा नदीपलीकडचे, त्यांचं रान बुडालं आणि ते स्वतःच जनावरं घेऊन उंचावर गेलेले. एकाच माणसावर सगळी गल्ली टेकवली की असं होतं. तेव्हा तीन शेतकरी धरा आणि त्यातला एक तरी असा धरा की ज्याच्याकडे जायला पंचगंगा ओलांडावी लागत नाही, म्हणजे कळंबा, गिरगाव, कंदलगाव किंवा कागल रोडच्या बाजूचा. आधी जाऊन रान बघून या, सगळी घरं मुलाबाळांसह जा. ज्यानं त्यांच्या बांधावर बसून भाकरी खाल्लीय तो सहसा दोन रुपयांसाठी ग्रुप सोडत नाही.

हे कायद्यात बसतं का अशी शंका कुणाला येईल म्हणून सांगते, 2016 पासून महाराष्ट्रात फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून बाहेर काढलेत, शेतकरी तुमच्या दारात विकू शकतो, त्यात चोरून काही नाही. काटा तेवढा शिक्क्याचा असू द्या.

प्रश्न : मावशी, मी शिरोळ तालुक्यातला, वय 26, दोन एकर रान आणि सगळा ऊस. लॉकडाऊनमध्ये आमच्या शेजाऱ्यानं दीड एकर उभ्या कोबीवर रोटर फिरवून तो मोडला आणि त्याच आठवड्यात कोल्हापुरातली आत्या म्हणत होती भाजी मिळत नाही, हे कसं काय झालं? मला दहा-पंधरा गुंठे भाजीला काढायचेत पण वडील म्हणतात उसाला मरण नाही.
— एक शेतकरी वाचक

उत्तर : मावशी म्हटलंयस म्हणून अरे-तुरेच करते.

तुझा पहिला प्रश्न फार मोलाचा आहे. शेतातून ताटापर्यंत भाजी जाते ती साखळीनं. तोडणारी माणसं, टेम्पो, बाजार समितीतला सौदा, हमाल, अडत्या, किरकोळवाला, आणि शेवटी घेणारा. 25 मार्च 2020 ला देश बंद झाला तेव्हा भाजीपाला अत्यावश्यक म्हणून चालू होता, पण गर्दी होते म्हणून सौदे कधी बंद कधी चालू, हमाल गावी गेले, ड्रायव्हर नाक्यावर अडकले. आणि घेणारा बदलला. शेजाऱ्याचा कोबी घरच्या ताटासाठी पिकतच नव्हता, तो हॉटेलं, मेस, लग्नाच्या पंगती, चायनीजच्या गाड्या यांच्यासाठी जायचा आणि ते सगळं एका रात्रीत बंद. आत्याला हवी होती दोन पेंड्या मेथी आणि अर्धा किलो वांगी. म्हणजे माल होता, भूक होती, मधला रस्ता एकच होता आणि तो तुटला. दुधाचंही तसंच झालं, गोकुळ-वारणासारखे संघ गावोगावी रोज संकलन करतात म्हणून आपल्याकडे घरोघरी दूध येत राहिलं, पण राज्यात चहाच्या टपऱ्या आणि मिठाईची दुकानं बंद झाल्यावर एवढं दूध शिल्लक पडलं की सरकारला ते 25 रुपये लिटरनं घेऊन पावडर करावी लागली.

वडिलांशी भांडू नकोस, त्यांचं चुकत नाहीये. उसाला कारखाना ठरलेला आहे, भाव आधी माहीत असतो, पूर आला तरी ऊस चार दिवस पाण्यात तग धरतो, भाजी नाही धरत. त्यांना एवढंच दाखव की उसाच्या बिलाची वाट बघताना घरात हातखर्चाला रोख लागते आणि ती भाजीतून येते. सुरुवात ऊस न काढता कर. नव्या लावणीत मोठ्या भरणीच्या, म्हणजे बुंध्याला माती चढवण्याच्या, आधी तीन-साडेतीन महिने सरी मोकळीच असते, तिथं कोथमीर, मेथी, पालक घे, महिना-दीड महिन्यात निघतात आणि उसाचं काही बिघडत नाही. पण एक काळजी घे, त्या रानात उसासाठी तणनाशक मारलं असेल तर पालेभाजी टाकूच नको, उगवून पिवळी पडते. शेजारच्या रानात टू-फोर-डी हे तणनाशक मारणार असतील तर वारा बघून मारायला सांग, दोडका-कारल्याचे वेल त्याच्या नुसत्या वाऱ्यानं वाकडे होतात.

हे एक वर्ष करून बघ, मग दहा गुंठे वेगळे काढ. आणि त्यात एकच पीक नको. कोबीचा दीड एकर हा जुगार आहे, दहा गुंठ्यांत आठ प्रकार घेतलेस तर एक पडलं तरी सात राहतात, आणि घरोघरी वाटे द्यायला तेच लागतात. पेरणीही एका दिवशी उरकू नको, मेथी दर दहा दिवसांनी दोन वाफे अशी टाक म्हणजे माल एकदम अंगावर येत नाही. आधी वीस घरं गाठ आणि मग पेर, उलटं करू नको. जयसिंगपूर तुला जवळ आहे, तिथूनच सुरुवात कर, कोल्हापूर नंतर.

माल उरला तर रानातच विटांची दुहेरी भिंत रचून मधल्या सात-आठ सेंटिमीटरच्या फटीत वाळू भर, वर गवताचं झाकण कर आणि सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी मार. लाईट लागत नाही. उन्हाळ्यात आतली हवा बाहेरपेक्षा दहा-पंधरा डिग्री गार राहते, दुपारी तोडलेली भाजी सकाळपर्यंत टवटवीत. लॉकडाऊनमध्ये असं एक चौकोनी बांधकाम बांधावर असतं तर निम्मा माल वाचला असता असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : आम्ही मंगळवार पेठेतल्या एका तालमीची पोरं. 2020 मध्ये वर्गणी काढून पाचशे किट वाटले. नंतर कळलं एकेका घरात तीन-तीन किट गेले आणि शेडमधल्या परप्रांतीय कामगारांना एकही नाही. पुढच्या वेळी काय करावं?
— मंडळाचा एक कार्यकर्ता

उत्तर : भावांनो, तुम्ही ते लपवलं नाही हेच खूप आहे. घाईत कुणाचंही असंच होतं, कारण ओळखीचे लोक आधी आठवतात.

यादी आत्ता करा, संकट नसताना. अंत्योदय आणि प्राधान्य रेशनकार्ड असलेल्यांना एप्रिल 2020 पासून माणशी 5 किलो धान्य फुकट मिळत होतं, ते धरून घरात काय कमी पडतं ते बघायचं, बहुतेक वेळा तेल, डाळ, तिखट-मीठ आणि गॅस. राहिले ते ज्यांचं कार्ड इथलं नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले फौंड्रीचे कामगार, बांधकामावरची कुटुंबं, बीडकडून येणारे ऊसतोड मजूर. त्या वर्षी हंगाम संपता संपता लॉकडाऊन लागलं आणि तोडकरी बायका-पोरांसह पालांत अडकून पडले, एप्रिलच्या मध्यावर सरकारनं परवानगी दिली तेव्हा कुठं गावी जाता आलं. आता कार्ड कुठल्याही राज्यातलं असलं तरी इथल्या दुकानात आधार लावून धान्य मिळतं, पण हे निम्म्या लोकांना सांगितलेलंच नसतं, गणपतीच्या आधी एक रविवार त्यासाठी काढा. ज्यांच्याकडे स्टोव्हच नाही त्यांना कोरडा किट देऊन काय उपयोग, त्यांना शिजवलेलंच लागतं, मंडळाची भांडी आणि आचारी तर तुमच्याकडे आहेतच. आणि भाजी-तांदूळ घेताना मॉलमधून पॅकबंद घेऊ नका, वरच्या उत्तरातल्या कोबीवाल्याला फोन करा.

किती दिवस पुरेल एवढं घरात भरून ठेवावं असंही दोघा-तिघांनी विचारलंय. चार माणसांना महिन्याचं तीसेक किलो धान्य, चार-पाच किलो डाळी-कडधान्य आणि तीन-चार लिटर तेल पुरे. रोज कमावून रोज आणणाऱ्याच्या वाट्याचं आपण सहा महिन्यांचं उचललं की दुकानात त्याला चढा भाव पडतो.

प्रश्न : आमचं चिखलीकडचं रान. 2019 ला घरात ठेवलेलं वरणा, दोडका, भोपळ्याचं आज्जीच्या काळापासूनचं बी पुरात गेलं. जावेकडून थोडं मिळालं ते वाढवलंय. आता कसं जपू?
— एक आज्जी

उत्तर : आज्जी, तुमच्या पत्रानं माझ्या डोळ्यात पाणी आलं. हायब्रीडचं बी धरून ठेवून उपयोग नसतो, पुढच्या पिढीत ते तसंच उतरत नाही, पण तुमच्याकडचं देशी बी बहुतेक तसंच उतरतं. वेलावर पहिली दोन-तीन जोमदार फळं बियाण्याला सोडा, तोडू नका, पूर्ण वाळू द्या. दोडका वेलावर वाळून खुळखुळ वाजला की काढायचा. बी सावलीत वाळवून चुलीची चाळलेली राख मिसळून काचेच्या बरणीत घट्ट बंद करायचं, वर बियाचं नाव आणि साल लिहायचं. पेरणीआधी शंभर बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवा, सत्तरच्या वर उगवल्या तर बी चांगलं आहे.

आणि बरणी एक करू नका, तीन करा. एक तुमच्या घरात माळ्यावर, एक जावेकडे, आणि तिसरी पाणी चढत नाही अशा गावात दिलेल्या लेकीकडे. दरवर्षी पंचमीला लेक माहेरी येईल तेव्हा जुनी बरणी परत आणायची आणि नवी द्यायची. माझा पत्ता संपादकांकडे आहे, मला थोडं वरण्याचं बी पाठवाल का, मी ते वाढवून पुढच्या वर्षी दुप्पट परत देईन.