लोकल नेटवाल्याचं नेट रोज रात्री स्लो होतं, एवढा वाढलेला वापर हे छोटे लोक सांभाळतात तरी कसा?

तुम्ही लिहिलंय की कॉलनीतला नेटवाला 100 एमबीपीएसचे पैसे घेतो, दिवसा स्पीड बरोबर येतो आणि रात्री नऊ वाजले की व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो, मग हे छोटे ऑपरेटर खरंच काही करतात की नुसतं फसवतात. मी इंदूरला हेच काम करतो, आधी केबल टीव्ही होता, 2016 नंतर हळूहळू सगळं फायबरवर नेलं, आज सहाशेच्या आसपास कनेक्शनं आहेत. जे रोज बघतो तेच सांगतो.

आधी त्या 100 चा हिशेब. सहाशे घरांना प्रत्येकी 100 म्हणजे 60 हजार एमबीपीएस, म्हणजेच 60 जीबीपीएस झाले, एवढं कोणी विकत घेऊन ठेवत नाही, मोठ्या कंपन्यापण नाही, आणि गरजही पडत नाही कारण एचडी पिक्चर 5 एमबीपीएसमध्ये आरामात चालतो, फोर-के असला तर 15-20 लागतात, आणि सगळी घरं एकाच क्षणाला ओढत नाहीत. आमच्याकडे रात्री साडेनऊला, जेव्हा सगळ्यात जास्त लोड असतो, तेव्हा एका कनेक्शनमागे साधारण अडीच एमबीपीएस पडतात, म्हणजे सगळे मिळून दीड जीबीपीएस. तर हे वाटून वापरणं म्हणजे फसवणूक नाही, नळाचं पाणीपण असंच असतं, सगळ्या गावाने एकदम तोट्या उघडल्या तर कोणालाच येणार नाही. फसवणूक तेव्हा, जेव्हा साडेनऊचा वापराचा ग्राफ लाइनच्या मर्यादेला टेकलेला दिसतोय आणि तरी ऑपरेटर नवीन कनेक्शनं देत सुटतो. महिन्याची सरासरी, दिवसभराचा वापर, हे सगळं बघून काही कळत नाही, साडेनऊचा ग्राफच बघावा लागतो.

हे मी चूक करूनच शिकलो. लोकमान्य नगरकडच्या एका काकूंचा रोज फोन यायचा, मुलगी कॅनडात, इथे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिची तिकडे दुपारची जेवणाची सुट्टी, तेवढाच वेळ दोघींना मिळायचा आणि नेमका तेव्हाच मुलीचा चेहरा चौकोन चौकोन होऊन अडकायचा. मला वाटलं बँडविड्थ कमी पडतेय, ज्यांच्याकडून घेतो त्यांच्याकडून 500 एमबीपीएस वाढवून घेतले, पैसे भरले, आणि काहीही फरक पडला नाही. मग एका रात्री लॅपटॉप घेऊन मशीनच्या खोलीतच बसलो आणि एकेक पोर्ट बघत गेलो.

ओएलटी म्हणजे ज्या डब्यातून सगळ्या कॉलनीचं फायबर निघतं तो. त्याला 8 पोर्ट, एकेका पोर्टवर स्प्लिटर, म्हणजे एका फायबरच्या अनेक फांद्या करणारा तुकडा, लावून 64 घरांपर्यंत देता येतं. जीपॉनचा, म्हणजे या प्रकारच्या फायबर यंत्रणेचा, एक पोर्ट खाली घरांकडे 2.488 जीबीपीएस देतो, त्यामुळे तिथे काही अडचण नव्हती, एकही पोर्ट पाव भरलेला नव्हता. पण आठही पोर्टांचा माल जिथून राउटरकडे जातो, ज्याला अपलिंक म्हणतात, तिथे मी सुरुवातीला बसवलेलं 1 जीबीपीएसचं मॉड्यूल तसंच पडून होतं, तेव्हा सव्वाशे गिऱ्हाईक होते आणि आता त्याच डब्यावर सव्वाचारशे. ग्राफ आठपासून डोंगरासारखा चढत गेला आणि साडेनऊशे एमबीपीएसला पोचल्यावर सुरीने कापल्यासारखा सपाट, सव्वाअकरापर्यंत तसाच. वर कितीही बँडविड्थ विकत घेतली तरी ती त्या एका बारीक तोंडातून यायची. डब्यावर 10 जीबीपीएसची जागा रिकामीच होती, दोन्ही बाजूंना 10 ची मॉड्यूलं टाकली, राउटर मात्र बदलावा लागला. दुसऱ्या रात्री ग्राफ अकराशेपर्यंत गेला आणि वर छान गोल झाला. आठवड्याने काकूंचा फोन आला, बाळा, काल नातवाचा नवीन आलेला दात दिसला. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो, कुठलीही लाइन रात्री 70 टक्के भरायला लागली की पुढची ऑर्डर द्यायची, कारण सामान आणि बँडविड्थ दोन्ही यायला आठवडे लागतात आणि लोक तोपर्यंत थांबत नाहीत.

आता वाढता वापर पुरवायचा खरा मार्ग. बँडविड्थ ही एकच वस्तू नाही हे बाहेर फार कमी लोकांना माहीत असतं. यूट्यूब, नेटफ्लिक्स, इन्स्टा हे सगळं दर वेळी अमेरिकेतून येत नाही, त्यांचे कॅश सर्व्हर मुंबईत आणि मोठ्या प्रोव्हायडरांच्या इथे बसलेले असतात, एकदा आलेला व्हिडिओ तिथेच राहतो आणि तिथून हजार घरांना जातो. गूगल आणि नेटफ्लिक्स असे सर्व्हर इंटरनेट कंपनीला फुकट देतात पण तेवढा ट्रॅफिक असला तरच, माझ्यासारख्याला कोण देणार, म्हणून आम्ही तो ट्रॅफिक वरच्या प्रोव्हायडरकडून वेगळा घेतो, तो साध्या इंटरनेटपेक्षा स्वस्त पडतो, आणि संध्याकाळचा बहुतेक वापर त्यातूनच निघतो. मग महाग बँडविड्थ उरलेल्या कामाला पुरते. शिवाय मुंबईत एक्सचेंज आहेत, त्यातलं निक्सी नावाचं 2003 पासून आहे, तिथे कंपन्या एकमेकींशी थेट जोडतात आणि देशातला ट्रॅफिक देशातच फिरतो. इंदूर ते मुंबई रस्त्याने जवळजवळ 600 किलोमीटर, तेवढी लाइन एकट्याला परवडत नाही म्हणून आम्ही चार ऑपरेटर मिळून घेतो, आणि दुसरा रस्ताही ठेवलाय कारण कुठे ना कुठे खोदकाम चालूच असतं आणि जेसीबीला फायबर दिसत नाही.

आयपीएलच्या रात्री मात्र वेगळ्या. साडेसातला मॅच सुरू झाली की ग्राफ रोजच्या साडेनऊच्या दोन तास आधीच चढतो आणि लाइव्ह असल्याने सगळे एकाच वेळी तेच ओढतात, तेव्हा मी घरी जेवतानासुद्धा मोबाइलवर ग्राफ उघडा ठेवतो.

अजून एक, पॅक 50 चा 200 केला म्हणून वापर चौपट होत नाही. माणूस पिक्चर तेवढेच बघतो, डाउनलोड लवकर संपतं आणि लाइन मोकळी होते. वापर वाढतो तो घरात टीव्ही स्मार्ट झाला, कॅमेरे लागले, पोरांचे क्लास ऑनलाइन झाले त्याने. मार्च 2020 च्या लॉकडाउनमध्ये दुपारचा रिकामा वेळच संपला, सकाळी दहालाच रात्रीसारखा ग्राफ. पॅकचे दर मात्र मोठ्यांच्या स्पर्धेत आहेत तिथेच, हे दुखणं खरं आहे.

आणि एका आयपीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या एका पत्त्यावर, शंभर घरं बसवली की सेशनचे पोर्ट संपतात, हे डब्याचे पोर्ट नव्हेत, प्रत्येक उघड्या जोडणीला लागणारे नंबर, एका आयपीवर 65,535 च असतात, मग वेबसाइट अर्धवट उघडतात आणि लोक म्हणतात स्पीड नाही. आयपीव्ही 6, म्हणजे भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत, चालू केलं की गूगल, नेटफ्लिक्स, फेसबुक सगळं त्यावर जातं आणि हा त्रास एकदम कमी होतो. तुमच्याकडे चालू आहे का बघा.

तुमचा दोष कुठे आहे ते असं काढा. लॅपटॉपला वायर लावून सकाळी सहाला आणि रात्री साडेनऊला टेस्ट करा, फास्ट डॉट कॉमवर करा, कारण ते नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून ओढतं, बाकी बऱ्याच टेस्टचा सर्व्हर ऑपरेटरच्या अगदी शेजारीच असतो आणि आकडा चांगला दाखवतो. वायरवर दोन्ही वेळा ठीक आणि मोबाइलवर स्लो, तर वायफाय आहे, राजवाड्याजवळच्या जुन्या घरांत भिंती एवढ्या जाड की वायफायचा 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल एकसुद्धा खोली ओलांडत नाही, आणि वायफायचा डबा टीव्हीच्या कपाटात ठेवलेला असतो. चोवीस तास स्लो असेल तर फायबरची पॉवर मोजायला सांगा, उणे 27 डीबीएमच्या खाली गेली असेल तर कुठेतरी वाकलंय किंवा जॉइंट खराब आहे. आणि फक्त रात्रीच वायरवरसुद्धा स्लो असेल तर ऑपरेटरकडे जा, भांडू नका, एवढंच विचारा की दादा, तुमच्या ओएलटीचा अपलिंक कितीचा आहे आणि कालचा साडेनऊचा ग्राफ दाखवता का.