पहिला पगार, पहिलं कार्ड

नोकरीबद्दल अभिनंदन! क्रेडिट की डेबिट, असं विचारलंस. दोन्ही ठेव, पण कामं वाटून दे.

एटीएममधून पैसे काढायचे तर डेबिटच. क्रेडिटवर रोख काढलीस की फी लागते आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू. ऑनलाइन खरेदी, रेल्वेचं आरक्षण यांना क्रेडिट बरं. कुणी गंडवलंच तर निदान बचत खात्यातले पैसे लगेच जात नाहीत. लॅमिंग्टन रोडला लॅपटॉप घेताना काही दुकानदार कार्डावर दोन टक्के वर मागतात. तिथे सरळ यूपीआय कर.

नवखे हमखास अडकतात ते 'मिनिमम ड्यू'त. बिल २०,००० चं, खाली 'किमान १,००० भरा' असं छापलेलं, आणि आपण खूश! उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तरी वर्षाचे ४२ टक्के होतात. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणून पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट पगाराच्या खात्याला आजच लावून टाक.

बाकी थोडक्यात:
- स्टेशनबाहेरचा स्टॉलवाला 'लाइफटाइम फ्री' म्हणेल. वार्षिक फी कागदावर बघितल्याशिवाय सही नको.
- ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला तर नाहीच.
- कार्ड हरवलं तर आधी ॲपमधून ब्लॉक कर. पैसे गेले तर बँकेला कळव आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव, उद्यावर ढकलू नकोस.

रिवॉर्ड पॉइंट, विमानतळावरचं लाउंज वगैरे नंतर बघू. सध्या एकच कार्ड घे, लिमिट छोटी ठेव.