पोलीस चौकशीत गप्प राहिलो तर ‘सहकार्य नाही’ म्हणून अटक होते का?

फक्त कबुली दिली नाही म्हणून अटक करता येत नाही, पण नोटीस येऊनही ठाण्यात गेला नाहीत तर करता येते. संविधानाचं कलम 20(3) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (पोलीस तपास, अटक यांचे नियम सांगणारा कायदा) कलम 180 यांमुळे स्वतःला गुन्ह्यात अडकवणाऱ्या प्रश्नांना उत्तर देणं बंधनकारक नाही. बाकीच्या प्रश्नांना खरं उत्तर द्यावंच लागतं.

- याच संहितेच्या कलम 35(3) ची, म्हणजे पोलिसांसमोर हजर राहण्याची, नोटीस असेल तर वेळेवर जा, हजेरीची पोच मागा.
- अडचणीच्या प्रश्नावर ‘उत्तर देत नाही’ एवढंच सांगा. खोटं बोलू नका, कारण सीसीटीव्ही आणि कॉल रेकॉर्डशी विसंगती दिसली की संशय वाढतो.
- जबाबावर सही करू नका. कलम 181 नुसार ती घेताच येत नाही.

अटक झालीच तर चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं (कलम 38), मात्र तो पूर्ण वेळ शेजारी बसत नाही. पुण्यात मोफत वकिलासाठी शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. एक मर्यादा लक्षात ठेवा: आवाजाचा किंवा हस्ताक्षराचा नमुना मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने द्यावाच लागतो, तिथे मौनाचा हक्क चालत नाही.